पहिलं कोण उतरलं

बसस्टॉपच्या काचेत एलायजा वाक्रुळकरला एलायजा वाक्रुळकर दिसला, तोही जिवंत माणसापेक्षा मोठा आणि खांद्यावर कुणाचा तरी हात असलेला. आधी त्याला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलंय. मग वाटलं, आपण मेलो की काय, कारण या गावात मेलं की भिंतीवर कागद लागतो, काळ्या चौकटीतला. पण या पोस्टरची चौकट निळी होती, आणि खाली जाडजूड हिब्रू अक्षरांत एकच शब्द होता: हलुत्झ. त्याखाली बारीक अक्षरांत, आपल्या गावाचे पहिले, चौकात समारंभ, सर्वांनी यावे, खाण्यापिण्याची सोय आहे. देशाला पन्नास वर्षं झाल्याचं साल होतं ते, आणि नेगेवच्या वाळवंटातल्या त्या फुफाट्याच्या गावालासुद्धा आपल्याला कुणीतरी बसवलं असल्याची आठवण झाली होती. हलुत्झ म्हणजे जो सगळ्यांच्या आधी ओसाड जागी जातो, दगड वेचतो, झाडं लावतो, मलेरियानं मरतो आणि पुढं त्याचं नाव एखाद्या रस्त्याला देतात, ज्या रस्त्यावर मग पार्किंग मिळत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र असतं. उघडी छाती, हातात कुदळ, नजर लांब. काचेतल्या एलायजाच्या छातीवर टाय होता आणि नजर फोटोवाल्याच्या स्कूटरवर होती, कारण ती कलंडत होती. हे त्याला अजून स्वच्छ आठवत होतं. आणि हात आठवत होता. फोटोत तो खुर्चीवर बसला होता आणि मागं युडिथ उभी होती, भेंडीबाजारातल्या स्टुडिओत शिकवल्यासारखी, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. कापणाऱ्यानं युडिथ कापली होती आणि हात ठेवला होता. चार बोटं, पहिल्या बोटावर तव्याचा चटका. मनगटाच्या वर निळा रंग.

"कुणाचा रे तो हात?" मागून मेयर म्हणाला. मेयर ठाण्याचा, त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच बायको गेलेला, आणि दोघं मिळून बेर्शेबाच्या इस्पितळात डोळे तपासायला निघाले होते. "मला तर हवालदाराचा वाटतो. चला वाक्रुळकर, चौकीवर."

"युडिथचा आहे."

 मेयरनं चष्मा वर करून हात नीट पाहिला, आणि ओळख पटल्यासारखी मान हलवली. तेवढ्यात बस आली, मेयर चढला, दारातून म्हणाला, "अरे ये की लेका, डोळे." पण एलायजा काचेसमोरच उभा राहिला. त्यानं आपल्या डाव्या खांद्याला हात लावून पाहिला. गेल्या हिवाळ्यापासून तिथं काही नव्हतं.

बस गेली तसा तो नगरपालिकेत गेला. त्याची नात दाना तिथं संस्कृती खात्यात कामाला होती. त्याच्या लेकीची, ओफ्राची मुलगी. आजोबाचं मराठी तिला सगळं कळायचं आणि उत्तर ती हिब्रूत द्यायची, म्हणजे दोघं एकाच घरात दोन रेडिओ लावल्यासारखे बोलायचे. फोटो तिनंच आल्बममधून नेला होता. "सबा," आजोबाला हाक मारत ती हिब्रूत म्हणाली, "मी अख्खा दिला होता, शपथ. तेल अविवच्या डिझायनरनं कापला." आणि तिनं त्याला आत यिगालकडं नेलं. यिगाल संस्कृती खात्याचा प्रमुख, वयानं एलायजाच्या चपलांएवढा. तो उठला, त्यानं एलायजाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "हात आम्ही मुद्दाम ठेवला," तो म्हणाला. "डिझायनर म्हणाला, हा इतिहासाचा हात आहे. इतिहासानं साध्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवलाय."

"इतिहासाला तव्याचा चटका कसा बसला?"

यिगाल हसला, कारण संस्कृती खात्यात असं कुणी बोललं की हसायचं असतं. मग त्यानं चौकातल्या दगडाचं चित्र दाखवलं. गावात आलेल्या प्रत्येक देशाच्या लोकांमधला एकेक पहिला, त्याचं नाव, आणि हलुत्झसाठी त्यांच्या त्यांच्या भाषेतला शब्द. मोरोक्कोवाल्यांचा होता, ट्युनिसवाल्यांचा होता. भारतातल्यांपुढं एलायजाचं नाव होतं आणि शब्दाची जागा रिकामी होती.

"पहिला मी नाही उतरलो," एलायजा म्हणाला. "बायको उतरली. हे मी दानाला सांगितलं होतं. तिचं नाव घाला."

यिगालला एकदम आनंद झाला. "स्त्री. हे तर फारच छान. आणि का उतरली ती? काय वाटलं होतं तिला त्या क्षणी?"

"लघवीला लागली होती."

दाना खिडकीकडं बघायला लागली. यिगालनं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "हे दगडावर कसं घालणार?"

"का उतरली ते घालू नका. उतरली, एवढं घाला."

शेवटी असं ठरलं की दगडवाल्यानं अजून त्या ओळीला छिन्नी लावलेली नाही, तेव्हा एलायजानं रविवारपर्यंत आपल्या भाषेतला शब्द आणून द्यायचा, असा शब्द की तो तिच्या नावापुढं शोभेल, मग नाव बदलता येईल. रविवार चुकला तर चित्रात आहे तसा दगड होईल, एलायजाच्या नावाचा. "मदतीला हे घ्या," यिगाल म्हणाला आणि पुण्याच्या कुणा विद्वानाकडून मागवलेला फॅक्स त्यानं दिला. त्यावर अग्रदूत होता, आद्यप्रवर्तक होता, पथिकृत होता. एलायजानं जिन्यातच वाचून पाहिला. आद्यप्रवर्तक हे त्याला पोट साफ होण्याच्या चूर्णाचं नाव वाटलं.

घरी येऊन तो स्वयंपाकघरात बसला. युडिथ गेल्यापासून तो तिथंच बसायचा. बाहेरच्या खोलीत सोफा होता, टीव्ही होता, कपाटातली निळी भांडी होती, आणि त्या सगळ्यांना बघायला माणूस एकच. इथं निदान फ्रीज तरी घुमायचा. शब्द, असा त्यानं मनात हाका मारल्यासारखा उच्चार केला. मुंबईतून निघाला तेव्हा माझगावच्या गोदीत फिटर होता तो, आणि मराठीही तेवढीच बरोबर आली होती, त्या सालची, हत्यारांच्या पेटीसारखी. नंतर तिच्यात काही भर पडली नव्हती, उलट पाने गंजले होते. आघाडीवर? ते बरं वाटलं, पण आघाडीवर म्हटलं की लढाई आली, आणि त्याला आठवला तो हिब्रूच्या वर्गातला मास्तर, जो सांगायचा की हलुत्झ हा फार जुना शब्द, धर्मग्रंथातल्या यरीहोच्या भिंतीभोवती सगळ्यांच्या पुढं हत्यारबंद चालायचे ते, आणि त्याच वेळी मागच्या बाकावरची पोरं म्हणायची की हलुत्झ म्हणजे फुटबॉलमध्ये पुढं गोलापाशी उभा राहतो तो. एकच शब्द, भिंत पाडणारा आणि ऑफसाइड होणारा. बिनीचा शिलेदार? घोड्यावर तो एकदाच बसला होता, चौपाटीवर, आणि घोडा भेळवाल्यापाशी थांबला होता. वाटाड्या? वाटाड्याला वाट माहीत असते. पुढारी? या शब्दाशी मात्र तो अडखळला, कारण पुढारी तो खरोखरच होता, एक दुपारभर.

ती दुपार. हैफा बंदरावरून निघालेला उघडा ट्रक, दोन्ही कडांना बाकडी, मधे ट्रंका, वळकट्या, प्रायमसचे स्टो, आणि कुणीतरी उराशी धरलेली एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची तसबीर, जिची काच हैफालाच फुटली होती. सगळी मुंबई-ठाण्याकडची ज्यू माणसं, बायका पातळं डोक्यावर ओढून धुळीत बसलेल्या. सांगितलं होतं, शहराजवळ घर आहे. लोद वाटेत लागेल. लोदला युडिथची मावशी होती, आणि युडिथला सहावा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, तर माहेर राहिलं चौलला, मग निदान मावशीकडं, असं बोटीवरच ठरलं होतं. ट्रक लोदला थांबलाच नाही. ट्रक थांबला तो जिथं रस्ता संपला तिथं. पत्र्याच्या काही खोल्या, एक पाण्याची टाकी, एक खुरटं झुडूप, आणि हातात कागद लावलेली फळी धरलेला कुठल्याशा खात्याचा माणूस. तो म्हणाला, उतरा, गाव आलं. माणसांनी चारी बाजूंनी गाव शोधलं. आणि तेव्हा एलायजा उठून उभा राहिला. गोदीतले संप त्यानं बघितले होते. तो म्हणाला, "कोणी उतरायचं नाही. आपण उतरलो नाही तर ह्यांना आपल्याला परत न्यावंच लागेल." आणि लोकांनी ऐकलं. आयुष्यात कधी नाही ते लोकांनी त्याचं ऐकलं. ऊन भाजत होतं, फळीवाला ओरडत होता, ड्रायव्हर चाकाच्या सावलीत बसून टरबूज खात होता, आणि वरती अख्खं पब्लिक एलायजाच्या तोंडाकडं बघत गप्प बसलं होतं. तो पुढारी. ती त्याची सभा.

"अहो," युडिथ हळूच म्हणाली. "मला जायचंय."

"कुठं?"

"कुठं म्हणजे काय?"

"थोडा दम धर."

"मी धरीन, पोटातलं ऐकत नाही." तिनं कमरेचा रुमाल काढला, झटकला आणि एसटीत टाकतात तसा आपल्या जागेवर पसरून टाकला. "जागा धरा. आल्यावर मला लोदपर्यंत बसून जायचंय." आणि ती फाळक्यावरून खाली उतरली. चपला ट्रंकेखाली अडकल्या होत्या म्हणून अनवाणी. वाळू तव्यासारखी. ती एक पाय उचलायची, दुसरा टाकायची, पातळ वर धरून झुडपाकडं टुणटुणत गेली, आणि फळीवाल्याला वाटलं ही नव्या भूमीवर आनंदानं नाचतेय. त्यानं टाळ्या वाजवल्या. वरती कुणीतरी म्हणालं, "पुढाऱ्याचीच बायको उतरली, मग आपण काय शेकत बसायचं?" आणि एक वळकटी खाली पडली, मग दुसरी, मग ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या, तसबीर. एलायजा रुमालावर हात ठेवून बसून राहिला. रिकाम्या ट्रकात तो एकटा. सगळ्यांत शेवटी उतरला तो. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, काहीतरी बोलला, एलायजाला हिब्रू येत नव्हतं. तरी त्याला बोलायचं होतं. साधंच वाक्य होतं ते, कोकणातल्या कुठल्याही स्टँडवर रोज कुणीतरी कंडक्टरला म्हणतं ते. पण ते म्हणायला तोंडात शब्द नव्हते, ट्रक हलला, ड्रायव्हरनं हातानं खाली हो अशी खूण केली, आणि तो उडी मारून उतरला. रुमाल वर राहिला. झुडपामागून युडिथ पातळ सारखं करत आली तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती.

"ट्रक गेला का हो?" तिनं विचारलं.

इतकंच. रडली नाही, भांडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बरं, स्टो कुठाय?" पुढं जन्मभर ती हे हसत सांगायची, मला लागली म्हणून हे गाव बसलं, आणि बायका पोट धरून हसायच्या. मालिदा करायला बसल्या की हमखास निघायचं. पोहे भिजतायत, नारळ खवला जातोय, आणि युडिथ पाय उचलून दाखवतेय, अशी नाचले. पण त्या गोष्टीचा पुढचा भाग ती सांगायची नाही आणि बायकाही विचारायच्या नाहीत. त्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तिला वेळेआधी कळा आल्या. नर्स तीन गावं मिळून एक होती, ती पोचली तेव्हा मुलगा होऊन गेला होता आणि निपचित पडला होता. दोन दिवस जगला. गावाला तोवर दवाखाना नव्हता, शाळा नव्हती, सिनेगॉग नव्हतं, पण टेकडीवर कबरस्तान सुरू झालं. एवढ्या लहानाला दगड नसतो, नाव नसतं, असं प्रार्थना म्हणणारे हझ्झान म्हणाले. मग ओफ्रा झाली, बेर्शेबाच्या इस्पितळात, पंख्याखाली, आणि लोकांनी तिलाच पहिली धरलं.

मूळपुरुष, असा एक शब्द आला आणि एलायजा एकटाच हसला. आपले मूळपुरुष तर नवगावच्या किनाऱ्यावर बोट फुटून लागलेले. सात पुरुष, सात बायका, बाकीचे बुडाले, असं लहानपणापासून ऐकलं होतं. त्यांना तरी कुठं उतरायचं होतं? कुठंतरी भलतीकडंच निघाले असतील. बोट फुटली, पोहत आले, आणि लोकांनी त्यांना तेल गाळायला बसवलं. कुणी त्यांना हलुत्झ म्हटलं नाही, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हटलं. म्हणजे आपली अख्खी जातच अशी, त्याला वाटलं, नको तिथं उतरलेली. आणि उतरल्यावर मग आधी स्टो कुठाय ते बघणारी.

शनिवारी सिनेगॉगमधून येताना मेयर त्याच्याबरोबर घरी आला. शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून दोघं शब्द नुसते तोंडात घोळवत बसले, दाताखाली बडीशेप धरल्यासारखे. "आरंभशूर घाल," मेयर म्हणाला. "आपल्या सगळ्यांना चालेल."

"तिला नाही चालणार. तिनं सुरू केलेलं सगळं पुरं केलं."

"मग गावंढळ काहीतरी घाल. वाचणार कोण आहे? आपण दोघं. आणि तू तर डोळे तपासलेच नाहीस."

मेयर गेल्यावर एलायजा ओट्याला टेकून उभा राहिला, आणि शब्द आपोआप आला, कुणी दार न वाजवता आत यावं तसा. पहिलटकरीण. बोटीवर सगळ्या बायका तिला हेच म्हणायच्या. पहिलटकरीण आहे, तिला खिडकीशी बसवा. पहिलटकरीण आहे, तिला आंबट द्या. त्यात पराक्रम नव्हता, कुदळ नव्हती. त्यात फक्त भीती होती, आणि आपल्याला कुणीतरी सांभाळून नेणार आहे असा भरवसा होता. तिला हा शब्द फार थोडे दिवस मिळाला. ओफ्राच्या वेळी ती पहिलटकरीण राहिली नव्हती, आणि इथल्या नर्सांना वाटत होतं की आहे.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी त्यानं कागद घेतला. आधी विद्वानाचे शब्द लिहिले आणि एकेकावर काट मारली, मग आपले लिहिले, बिनीचा शिलेदार, वाटाड्या, पुढारी, त्यांवरही काट मारली, पुढारीवर दोनदा. सगळ्यांत खाली लिहिलं, पहिलटकरीण युडिथ. दाना कामावर जाताना न्यायला आली. तिनं कागद उलटासुलटा पाहिला, तिला देवनागरी येत नव्हती. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हा? म्हणजे काय?"

त्यानं सांगितलं.

"म्हणजे आईच्या वेळची सावता," दाना म्हणाली. आजीला ती सावता म्हणायची.

"नाही. तुझ्या आईच्या आधी."

दानानं त्या ओळीवरचं बोट उचललं. बाहेर शाळेच्या बसनं हॉर्न दिला. मग तिनं कागद घडी न घालता, दोन्ही हातांत आडवा धरून नेला, ओला असल्यासारखा.

समारंभाच्या दिवशी यिगालनं एक गंमत काढली होती. कुठल्याशा शेतवसाहतीतून जुना ट्रक आणला होता, रंगवून, बाकड्यांसकट. त्यात शाळेची पोरं बसवली होती, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, हातांत पुठ्ठ्याच्या कुदळी. एलायजा मधे. ट्रक चौकात येणार, बँड वाजणार, एलायजा सगळ्यांच्या आधी उतरणार आणि दगडावरचा कपडा ओढणार. पेपरवाले होते. मेयर पहिल्या रांगेत बसला होता, ओफ्रा बेर्शेबाहून आली होती. ट्रक आला, बँड वाजला. यिगाल माइकवर म्हणाला, "आणि आता, त्या दिवशीसारखेच," आणि थांबला.

एलायजाला उतरायचं होतं. तो अर्धा उठलाही. पण बाकड्याची फळी हाताला लागली, उन्हानं तापलेली, आणि मांडीला मांडी लावून बसलेली शेजारची पोरगी टोपी सावरत फाळक्यावरून आधीच उडी मारून खाली गेली, तिच्यामागं सगळी पोरं, कुदळी आपटत, नाचत, कारण त्यांना नाचायला सांगितलं होतं. शेजारची जागा मोकळी झाली. एलायजा परत खाली बसला. त्यानं खिशातला रुमाल काढला, झटकला आणि त्या जागेवर पसरला. बँड एकदा संपून पुन्हा सुरू झाला. वारा सुटला होता, नेगेवचा, त्याला कार्यक्रमपत्रिका दिलेली नव्हती. वाऱ्यानं कपडा आपणच ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगडवाला रशियातून आलेला, तिकडं म्हणे पुतळे करायचा, कामाला एकदम चोख. त्यानं कागदावरचं सगळं कोरलं होतं. अग्रदूत कोरला होता आणि त्यावरची काट कोरली होती. वाटाड्या आणि काट, पुढारी आणि दोन काटा. या लिपीत नाहीतरी शब्दावर आडवी रेघ असतेच, मग मधून गेलेली तेवढी चूक कशी म्हणायची, असं त्याला वाटलं असणार. आणि सगळ्यांत खाली, बिनकाटेचं, पहिलटकरीण युडिथ. यिगाल माइकवरून सांगत होता, किती सुंदर अक्षरं, किती प्राचीन. अख्ख्या चौकात वाचता येणारी म्हातारी माणसं मोजकीच. मेयरनं चष्मा वर केला, ओठ हलवत वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली, मग डोकं उघडं ठेवायचं नसतं हे आठवून परत घातली.

नगराध्यक्ष स्वतः ट्रकवर चढले, हात द्यायला. घामेघूम झाले होते, क्षणभर टेकावं म्हणून वाकले.

"तिथं नको," एलायजा म्हणाला. "जागा धरलीय."

नगराध्यक्ष खाली गेले. काही बोलणं झालं. म्हातारा उन्हानं बावरलाय, असं कुणीतरी म्हणालं, आणि पाण्याची बाटली वर आली. मग दाना चढली. ती रुमालाकडं पाहत राहिली, बसली नाही, ट्रकच्या कठड्याला धरून उभी राहिली. "सबा," ती म्हणाली, आणि पुढचं मराठीत म्हणाली, वाकडंतिकडं, एकेक शब्द वेगळा ठेवून, "लोक वाट बघतात."

"हो," एलायजा म्हणाला. इस्पितळात, शेवटच्या दिवसांत, युडिथला माणसं ओळखू येत नव्हती, ओफ्रालाही ती नर्स म्हणायची. पण एका दुपारी तिनं डोळे उघडून नीट त्याच्याकडं पाहिलं होतं आणि विचारलं होतं, ट्रक गेला का हो. तो म्हणाला होता, नाही, उभा आहे. मग ती झोपली होती, हात चादरीवर टाकून.

खाली ड्रायव्हर यिगालशी हुज्जत घालत होता. ट्रक दुपारच्या आत परत द्यायचा होता. पोरं खाण्याच्या टेबलांकडं पांगली, बँडवाले पेट्या भरायला लागले. ड्रायव्हर चढून बसला, दार आपटलं, इंजिन सुरू झालं आणि बाकडं थरथरायला लागलं, रुमाल एका कोपऱ्यानं सरकला. एलायजानं त्यावर हात ठेवला. मग पुढं वाकून त्यानं ड्रायव्हरच्या टपावर थापा मारल्या, आणि इतक्या वर्षांनी, चांगल्या स्वच्छ हिब्रूत, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "जरा थांब. बाई खाली गेलीय."